फाइल गावात आली: ग्रीन कार्डच्या मुलाखतीची तयारी

दोन-तीन वर्षं केस जागची हलत नाही. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन बघायचं, तारीख चार दिवसांनी पुढे सरकली की समाधान मानायचं, आणि मग एके दिवशी संकेतस्थळावर ओळ झळकते: तुमचं प्रकरण दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग करण्यात आलं आहे. घरात लगेच तर्क सुरू होतात. काही चुकलं का? आपलीच फाइल का उचलली? पुण्याला फोन करून सांगायचं की थांबायचं?

बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. केस वर्ग होण्याची कारणं ठरलेली असतात. एका केंद्रात कामाचा ढीग साचला की काही फाइली दुसरीकडे पाठवतात. अर्जदार दुसऱ्या राज्यात राहायला गेला तरी फाइल त्याच्या मागे जाते. तिसरं कारण आपल्या विषयाचं आहे: मुलाखत घ्यायची असेल, तर ती अर्जदाराच्या घराजवळच्या फील्ड ऑफिसमध्ये घेतात आणि त्यासाठी फाइल तिकडे जावी लागते. म्हणून न्यू जर्सीत राहणाऱ्याची केस नेब्रास्काहून न्यूअर्क किंवा माउंट लॉरेलला गेली, तर मुलाखतीच्या पत्राची शक्यता धरून चालावं. मात्र वर्ग झालेल्या प्रत्येक केसला मुलाखत लागतेच असं नाही. काही केसेस फील्ड ऑफिसमध्ये पोहोचून तिथूनच परस्पर मंजूर होतात.

केस वर्ग झाली तरी रिसीट नंबर बदलत नाही. त्याची सुरुवातीची तीन अक्षरं अर्ज पहिल्यांदा कुठे दाखल झाला ते सांगतात: एलआयएन म्हणजे नेब्रास्कातलं लिंकन, एसआरसी म्हणजे टेक्सास, एमएससी म्हणजे मिसुरीकडचं नॅशनल बेनिफिट्स सेंटर. आयओई असेल तर नोंद नव्या संगणक प्रणालीत झालेली असते. फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे, हे मात्र या अक्षरांवरून कळत नाही. ते आय-७९७सी या नोटिशीवर लिहिलेलं असतं, आणि ती येते टपालाने. त्यामुळे पत्ता बरोबर असणं ही तयारीची पहिली पायरी. घर बदललं तर दहा दिवसांत एआर-११ भरून कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहिलेल्या नोटिशीपायी मुलाखत हुकली, तर अर्ज सोडून दिला असं समजून तो फेटाळता येतो. तारीख खरोखरच जमणार नसेल, तर आधी कळवून बदलून मागता येते. न कळवता गैरहजर राहणं मात्र महागात पडतं.

नोकरीवाल्यांना मुलाखत का?

अमेरिकी नागरिकाशी लग्न करून ग्रीन कार्ड मागणाऱ्यांना मुलाखत नेहमीचीच. नोकरीच्या मार्गाने येणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांना मात्र ती अनेक वर्षं सहसा माफ असायची. मालकाची आय-१४० याचिका मंजूर, कागद ठीक, गुन्ह्याची नोंद नाही, की कार्ड थेट घरी यायचं. मार्च २०१७च्या अध्यक्षीय आदेशात तपासणी कडक करायला सांगितलं गेलं. त्याच्या आधारे नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा, म्हणजे यूएससीआयएस, या खात्याने २८ ऑगस्ट २०१७ रोजी घोषणा केली आणि १ ऑक्टोबरपासून नोकरीवर आधारित आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, भरणाऱ्यांनाही मुलाखतीला बोलवायला सुरुवात केली. फील्ड ऑफिसांवर एकदम मोठा बोजा पडला. मग कोविड आला. १८ मार्च २०२० रोजी कार्यालयं लोकांसाठी बंद झाली, ती ४ जूनपासून टप्प्याटप्प्याने उघडली.

याच काळात एक विचित्र योग जुळून आला. परदेशांतल्या वकिलाती बंद राहिल्याने कुटुंबाच्या कोट्यातले व्हिसा क्रमांक पडून राहिले आणि कायद्याप्रमाणे ते पुढच्या वर्षी नोकरीच्या कोट्यात आले. एरवी वर्षाला १,४०,००० असणारा हा कोटा २०२१ या आर्थिक वर्षात सुमारे २,६२,००० वर आणि २०२२ मध्ये सुमारे २,८१,००० वर गेला. एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्याने वर्षानुवर्षं रांगेत उभ्या असलेल्या भारतीयांसाठी ही पर्वणीच होती. ऑक्टोबर २०२० मध्ये तारखा झपाट्याने पुढे आल्या आणि हजारो मराठी घरांतून आय-४८५ अर्ज गेले. पण आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. तोवर न वापरलेला क्रमांक त्या वर्षापुरता हातचा जातो. २०२१ मध्ये असे ६६,०००हून अधिक क्रमांक वाया गेले. क्रमांक वाचवायचे म्हणून केसेस इकडून तिकडे हलवणं, अनेकांना मुलाखतीतून सूट देणं, असे उपाय झाले. आजही कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हे केसगणिक ठरतं. म्हणूनच मित्राला मुलाखतीशिवाय कार्ड मिळालं आणि तुम्हाला बोलावणं आलं, एवढ्यावरून तुमच्या केसमध्ये खोट आहे असा अर्थ काढू नये.

तुमच्याआधी तुमची फाइल पोहोचते

मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर असते ती ए-फाइल. स्थलांतरितांच्या या व्यक्तिगत फाइलींची पद्धत १९४४ पासून चालत आली आहे. लाखो कागदी फाइली मिसुरी राज्यातल्या लीज समिट गावी, चुनखडीच्या जुन्या खाणींतून तयार केलेल्या भूमिगत दालनांमध्ये ठेवलेल्या आहेत. तिथलं हवामान स्थिर असल्याने कागद टिकतो. आता बरंच काम संगणकावर होतं, पण तत्त्व तेच आहे: तुम्ही आजवर या सरकारला जे जे लिहून दिलं, ते कुठे ना कुठे जपून ठेवलेलं आहे. पहिल्या व्हिसासाठी मुंबईच्या वकिलातीत भरलेला अर्ज, एच-वन-बीच्या याचिका, बायोमेट्रिक्स, आधीच्या कंपनीने दाखल करून सोडून दिलेली आय-१४० सुद्धा.

तयारीचं सगळं सार यात आहे. ही परीक्षा नाही. अमेरिकेचा इतिहास विचारत नाहीत. तो नागरिकत्वाच्या वेळी येतो. इंग्रजीचे गुणही देत नाहीत. अधिकारी फाइलमधली कहाणी आणि तुमच्या तोंडची कहाणी ताडून पाहतो. दोन्ही जुळल्या तर अनेक मुलाखती अर्ध्या तासाच्या आत आटोपतात. जुळल्या नाहीत, तर न जुळणारी जागा हीच मुलाखत होऊन बसते. तेव्हा नमुना प्रश्नोत्तरं पाठ करण्याआधी स्वतःची फाइल वाचून काढावी. वकिलाकडून आय-४८५ ची दाखल केलेली पूर्ण प्रत मागवावी. आपण सही केली, पण वाचलं नव्हतं, असं पुष्कळांच्या बाबतीत घडलेलं असतं. जुने कागद हाताशी नसतील, तर माहिती अधिकाराच्या अमेरिकी कायद्याखाली स्वतःच्या ए-फाइलची प्रत मागता येते. मात्र त्याला वेळ लागतो, म्हणून पत्राची वाट न पाहता अर्ज टाकलेला बरा.

वाचताना पेन्सिल हातात असू द्या. पत्त्यांची यादी बघा: मधल्या तीन महिन्यांचं सबलेट सुटलं आहे का? नोकरीच्या तारखा बायोडेटाशी जुळतात का? अर्ज भरल्यानंतर बाळ झालं, नोकरी बदलली, भारतात जाऊन आलात, हे सगळं एका कागदावर लिहून काढा. मुलाखतीच्या सुरुवातीला अधिकारी सहसा विचारतोच, की अर्जात काही दुरुस्ती आहे का. चूक तिथे आपणहून सांगितली की ती दुरुस्ती ठरते. तीच त्याने शोधून काढली, तर त्याला वेगळा वास येऊ लागतो.

एक जून आणि तांदळातलं नाव

मराठी अर्जदारांच्या फाइलीत दोन ठिकाणी हमखास ठेच लागते: जन्मतारीख आणि नाव.

आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, घरच्यांना तारीख आठवेना, मग जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून एक जून. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून ती तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर गेली, तिथून पासपोर्टवर. इकडे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मात्र खरी तारीख पडून असते. आई-बाबांच्या केसमध्ये तर हे सर्रास दिसतं. अशा वेळी दोन्ही कागद नेऊन फरक का पडला हे साध्या शब्दांत सांगावं, आणि शक्य तर त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या जन्मांची नोंद सापडत नाही ही सामान्य गोष्ट आहे आणि अमेरिकी खात्याला ती माहीत आहे. अशांनी स्थानिक कार्यालयातून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यावा. त्याला शाळेच्या दाखल्याची जोड द्यावी आणि जन्माची स्वतःला माहिती असलेल्या दोन जणांची प्रतिज्ञापत्रं लावावीत. आत्या, मावशी, काका, शेजारच्या आजी कोणीही चालतं. फक्त ‘मी यांना ओळखते’ एवढ्यावर न थांबता ही माहिती आपल्याला कशी आहे, त्या वेळी आपण कुठे होतो, ते त्यात लिहिलेलं असावं. उशिरा नोंदवलेला, किंवा बाळाच्या नावाचा रकाना कोरा असलेला दाखला हाही नेहमीचा प्रकार. नाव नंतर दाखल करून घेण्याची सोय निबंधकाकडे असते. ते काम मुलाखतीच्या आठवड्यात होत नाही, गावाकडे कुणाला तरी खेटे घालावे लागतात.

आता नाव. मराठी बाईचं नाव लग्नात तीनही ठिकाणी बदलू शकतं. समजा, माहेरची शुभांगी दत्तात्रय कुलकर्णी. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘मृणाल’ लिहिलं आणि ती मृणाल अभिजित देशपांडे झाली. पदवी पहिल्या नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, बँकेचं खातं कदाचित तिसऱ्याच मिश्रणाचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण फाइल वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटू शकतात. म्हणून ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात प्रत्येक नाव लिहिलेलं असावं आणि सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, असल्यास नावबदलाचं राजपत्र. वडिलांचं नाव पासपोर्टात पहिल्या नावाला चिकटून येणं, आडनावाचा रकाना कोरा राहिल्याने अमेरिकी कागदांवर ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापलं जाणं, याही त्याच जातीच्या अडचणी. नावांची एक यादी करून कोणतं नाव कोणत्या कागदावर आहे ते समोर मांडलं, की प्रश्न दोन मिनिटांत मिटतो.

कागदावर कुठेही मराठी मजकूर असेल, तर संपूर्ण कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. खाली भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं, की मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे. त्यासाठी सरकारमान्य भाषांतरकारच हवा असं नाही. दोन्ही भाषा चांगल्या येणारा परिचित चालतो. अर्जदाराने स्वतः ते करू नये.

नोकरी खरी आहे ना?

नोकरीवर आधारित केसमध्ये अधिकाऱ्याला मुख्यतः एक गोष्ट हवी असते: ज्या नोकरीसाठी हे कार्ड मागितलं, ती अजून तुमच्यासाठी आहे का? त्यासाठी आय-४८५ ची पुरवणी ‘जे’ असते. तीत मालक नोकरी, काम आणि पगार यांची खात्री देतो. २०००च्या कायद्याने दिलेली एक मोठी सवलत इथे कामी येते. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस उलटले असतील, तर त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी दुसऱ्या कंपनीत जाता येतं. तुम्ही तशी उडी मारली असेल, तर नव्या कंपनीची पुरवणी ‘जे’, अलीकडच्या पे स्टब, डब्ल्यू-टू आणि नोकरीचं पत्र सोबत असू द्या. मुख्य म्हणजे, आपण रोज काय काम करतो हे चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. ‘सिनिअर कन्सल्टंट’ एवढ्याने अधिकाऱ्याला काही कळत नाही. ‘बँकेच्या पेमेंटच्या सॉफ्टवेअरचं डिझाइन करतो, चार जणांची टीम सांभाळतो’ हे कळतं.

व्हिसाचा दर्जा कधी तुटला होता का, हाही प्रश्न येऊ शकतो. प्रोजेक्ट संपल्यावर पगाराविना काढलेले आठवडे, उशिरा दाखल झालेली मुदतवाढ, अशा गोष्टी घडतात. शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर असे सगळे दिवस मिळून १८०च्या आत असतील, तर नोकरीवाल्या अर्जदारांना कायद्यातल्या २४५-के कलमाखाली माफी आहे. ही मोजणी वकिलाबरोबर बसून आधीच करावी. मुलाखतीच्या खुर्चीत बसून बोटं मोजू नयेत.

मेडिकलचं एकदा तपासून घ्या. आय-६९३ वर खात्याने नेमलेल्या सिव्हिल सर्जनची सही लागते. हा आपल्याकडचा जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख नव्हे, अमेरिकेतला त्या कामासाठी मान्यता असलेला डॉक्टर. १ नोव्हेंबर २०२३ पूर्वी सही झालेल्या मेडिकलची मुदत दोनच वर्षांची होती, म्हणजे ती संपली. त्यानंतरचं मेडिकल ज्या अर्जाबरोबर दिलं, तो प्रलंबित असेपर्यंत चालतं. २ डिसेंबर २०२४ पासून मेडिकल अर्जासोबतच द्यावं लागतं. जुन्या केसमध्ये नवं मागितलं असेल, तर डॉक्टरने दिलेलं पाकीट सीलबंदच न्यायचं. कुतूहलाने उघडलं की ते बाद.

प्रत्यक्ष दिवशी

मूळ कागद आणि त्यांच्या प्रती, दोन्ही न्या. जुने-नवे सगळे पासपोर्ट, आय-९४, मुलाखतीचं पत्र, वर्क परमिट, जन्म आणि विवाहाचे दाखले. जोडीदार आणि मुलंही अर्जदार असतील, तर पत्रात ज्यांची नावं आहेत त्यांनी यायचं. चौदा वर्षांखालच्या मुलांना अनेकदा सूट मिळते. वकील नेता येतो, फक्त त्याचं वकीलपत्र, म्हणजे जी-२८, दाखल असावं. आई-बाबांना इंग्रजीत बोलणं जड जात असेल, तर दुभाषा नेता येतो आणि तिथे जी-१२५६ वर सही करावी लागते. वकील दुभाषा होऊ शकत नाही. अर्ज मुलाने किंवा मुलीने प्रायोजित केलेला असेल, तर दुभाषा म्हणून तिऱ्हाईत माणूस नेलेला बरा. आई काय म्हणाली ते सुधारून सांगण्याचा मोह घरच्या माणसाला आवरत नाही.

आत गेल्यावर उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते. पुढचं सगळं बोलणं शपथेवरचं. ओळखीचे कागद झाले की अर्जातल्या ‘हो-नाही’च्या लांबलचक यादीतून अधिकारी भराभर जातो. इथे सरसकट ‘नाही, नाही’ म्हणत सुटू नये. तुम्ही कधी कोणत्या संस्थेचे सभासद होता का? महाराष्ट्र मंडळाची वर्गणी भरत असाल, तर उत्तर ‘हो’ आहे. त्यात लाजण्यासारखं किंवा धोक्याचं काही नाही. लष्करी स्वरूपाचं किंवा शस्त्रांचं प्रशिक्षण? कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला जाऊन नेमबाजी केली असेल, तर ते सांगून पुढे ‘विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता’ एवढं जोडावं. पोलिसांनी कधी दंड केला? वेग जास्त म्हणून मिळालेलं तिकीटही सांगावं आणि भरल्याची पावती असेल तर न्यावी. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वाचा प्रश्न ऐकून हसू आलं तरी तो गंभीर आहे. कॉलेजच्या दिवसांत डाव्या संघटनेचं सभासदत्व घेतलं असेल, तर अपवाद लागू होतो का, हे मुलाखतीआधी वकिलाला विचारावं.

बाकी नियम सोपे. प्रश्न संपेपर्यंत थांबा. विचारलं तेवढंच सांगा. समजलं नाही तर पुन्हा विचारायला सांगा. आठवत नसेल, तर ‘आठवत नाही’ म्हणा; अंदाजाने दिलेली तारीख फाइलमध्ये खरी तारीख म्हणून नोंदली जाते.

त्यानंतर

त्याच दिवशी मंजुरी मिळू शकते, कधी एखादा कागद मागणारी आरएफई येते, आणि कधी अधिकारी म्हणतो, सगळं ठीक आहे, पण व्हिसा क्रमांक उपलब्ध नाही. हे तिसरं उत्तर भारतीयांनी खूप ऐकलेलं आहे. मुलाखतीच्या दिवशी प्रायॉरिटी डेट करंट होती आणि निर्णयाआधी बुलेटिन मागे गेलं, की फाइल थांबते. केस फेटाळली गेली असा त्याचा अर्थ नव्हे. तारीख पुन्हा आली की ती पुढे सरकते. तोवर वर्क परमिट आणि ॲडव्हान्स पॅरोल या प्रवास-परवान्याचं नूतनीकरण वेळेवर करत राहा, आणि जमत असेल तर एच-वन-बीही चालू ठेवा, म्हणजे उद्या अर्ज अडकला तरी पायाखाली कायदेशीर दर्जा असतो. ॲडव्हान्स पॅरोल किंवा वैध एच अथवा एल व्हिसा हातात नसताना भारतात गेलात, तर आय-४८५ सोडून दिला असं मानलं जातं.

कार्ड हातात आलं की नाव, जन्मतारीख आणि ‘कधीपासून रहिवासी’ ही तारीख तपासून घ्या. छपाईची चूक असली तर लगेच कळवा. आणि मुलाखतीला नेलेलं सगळं बाड, दुरुस्त केलेल्या अर्जाच्या प्रतीसकट, फेकून देऊ नका. सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज भराल, तेव्हा हीच ए-फाइल दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्यासमोर उघडेल. ग्रीन कार्ड रीतसर मिळालं होतं का, हे तो त्यातूनच पाहील, आणि आज शपथेवर दिलेली उत्तरं त्या दिवशीच्या उत्तरांशी ताडून बघेल. ती काय होती, हे तुमच्याकडेही लिहिलेलं असायला हवं.